अक्काची बढती

एका शनिवारी सकाळी बेंगळुरातल्या आमच्या बनशंकरीच्या घरापुढं कॉलेजची पाच-सहा पोरं येऊन उभी राहिली. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे टी-शर्ट आणि छातीवर इंग्रजीत लिहिलेलं, आम्ही उद्याचे नेते. मी म्हटलं, "अय्यो, आजचेच पुरेत की रे बाबांनो! निदान चपला तरी बाहेर काढा." मी मराठीत बोलले, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. एकच मुलगी तोंडावर हात धरून हसली.

बरोबर एक मॅडम होत्या. त्यांनी कन्नडमध्ये समजावून सांगितलं. त्यांच्या युनिव्हर्सिटीत नेतृत्व विकासाचा म्हणून एक कार्यक्रम असतो. त्यात निवडलेल्या मुलांनी वर्षभर समाजसेवा करायची, म्हणजे त्यांच्यातून पुढारी घडतात. यंदा त्यांनी आमच्या भागातली एकटी राहणारी म्हातारी माणसं "दत्तक" घेतली होती. सत्तरीच्या बाईला दत्तक! एरवी मी त्यांना फाटकातूनच वाटेला लावलं असतं. पण तेव्हा माझी अवस्था अशी होती की दारात चोर आला असता तरी त्याला म्हटलं असतं, जरा ह्यांच्याजवळ बस, मी आंघोळ करून येते.

हे म्हणजे माझे यजमान. इथल्याच शिवाजीनगरात ह्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं. कोट शिवावा तर ह्यांनीच, असं लोक म्हणायचे. गिऱ्हाइकाशी उर्दू, कारागिरांशी तमिळ, साहेब लोक आले की मोडकंतोडकं पण ठसक्यात इंग्रजी, बाजारात कन्नड आणि घरात आमची मराठी. मग तो विसरण्याचा आजार सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, ह्यात मागाहून शिकलेलं आधी जातं. तसंच झालं. इंग्रजी गेलं, तमिळ गेलं, उर्दू गेलं. एक दिवस दूधवाला नेहमीसारखा कन्नडमध्ये बोलला तर हे घाबरून माझ्यामागं लपले. राहिली ती फक्त मराठी, आणि तीही लहान मुलाची.

आता बेंगळुरात मराठी म्हणजे आमच्यासारख्या जुन्या घरांत चार भिंतींच्या आत बोलायची गोष्ट. आमच्या पूर्वजांना इथं येऊन शेकडो वर्षं झाली, दाराबाहेर पाऊल टाकलं की आम्ही कन्नडच. त्यामुळे घरी सांभाळायला बाई ठेवली तर ती कन्नड बोलायची आणि हे ओरडायचे. दुसरी ठेवली, ती हिंदी बोलायची, तिला ताट फेकून मारलं. मुलगा ऑस्ट्रेलियात. तो व्हिडिओवर दिसला की हे त्याला टीव्हीतला माणूस समजून बघत बसायचे.

मग मी होते की, मराठी बोलणारी. पण मी कोण हेच ह्यांना आठवत नव्हतं. मला "बाई" म्हणायचे, आणि इतक्या अदबीनं की जीव नकोसा व्हायचा. "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? आमच्या घरचं कुणीतरी येईल." चाळीसएक वर्षांचा संसार करून मी ह्यांच्या लेखी शेजारीण झाले होते! रागावून काय करणार, कुणावर रागावणार? खरी पंचाईत जेवणाची होती. परक्या बाईच्या हातचं खायचं नाही, हे कुणी लहानपणी बजावलेलं होतं ते पक्कं बसलं होतं. मी घास पुढं केला की ओठ मिटून घ्यायचे. अंगावरचे कपडे खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि ती काढून टाकू नये म्हणून हात बांधून ठेवावे लागतील. ते हात. मला ती नळी नको होती. बाकी देवाजवळ माझं काही मागणं उरलं नव्हतं.

त्या शनिवारी ती निळी पोरं हॉलमध्ये ओळीनं बसली. एकानं गिटार आणली होती. हे कोपऱ्यातल्या खुर्चीत, भिंतीकडं तोंड करून. मघाशी हसलेली ती मुलगी निपाणीकडच्या एका खेड्यातली होती, इथं हॉस्टेलवर राहायची. मी चहा करायला उठले तशी ती मागोमाग आली आणि म्हणाली, "थांबा आज्जी, मी करतो." तिकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी करतो, मी येतो, मी जेवलो. एवढंच ती बोलली, आणि हॉलमधून आवाज आला, "अक्का? आलीस?"

सगळी पोरं खूश झाली. आजोबा बोलले! त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलं नाही. बेंगळुरात भाजीवालीपासून बसमधल्या अनोळखी बाईपर्यंत सगळ्याच अक्का. मला स्वतःलाही वाटलं, चला, इतक्या दिवसांनी हे बाहेरच्या माणसाशी आपणहून बोलले. मुलगी चहाचा कप घेऊन पुढं गेली, म्हणाली, "व्हय, आलो की." ह्यांनी कप घेतला. प्यायले. कपाच्या तळाशी राहिलेला थेंबसुद्धा प्यायले.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम तिच्या हातात सारू-भाताची, म्हणजे सार-भाताची, वाटी दिली. हे जेवता जेवता तिला सांगत होते, "अक्का, त्यानं माझी गोटी घेतली. आईला सांगू नको, मारेल." मी दारात उभी होते, आणि तिथंच मला उलगडा झाला. ही बाजारातली अक्का नव्हती. ह्यांची सख्खी थोरली बहीण होती. सासूबाईंचं माहेर निपाणीकडचं. अक्का आजोळी वाढली, ह्यांच्या जन्मानंतर बेंगळुरात आली, तरी शेवटपर्यंत "मी येतो, मी जातो"च बोलायची. घरात तिला सगळे हसायचे आणि ती कुणाला भीक घालायची नाही. धाकट्या भावाला तिनंच भरवून वाढवलेलं. माझं लग्न झालं त्यानंतर काही वर्षांनी ती गेली. ह्यांनी तेव्हा दुकान आठवडाभर बंद ठेवलं होतं.

मी मुलीला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. म्हटलं, "बघ बाई, तुला चालेल काय? तुझ्या वयाची पोर, आणि तुला एका म्हाताऱ्याची थोरली बहीण व्हायचंय." ती म्हणाली, "हुतो की. त्यात काय अवघड हाय? घरात माझे धाकटे भाऊ हाईतच." आणि बाहेर जाऊन दटावून म्हणाली, "काय रं, वाटीत शिल्लक का ठेवलास? खा बघू." हे खाली मान घालून खायला लागले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

त्यानंतर ती शनिवारची वाट बघेनाशी झाली. मधल्या वारीही क्लास संपला की बस पकडून यायची. ह्यांची नखं कापायची, केस विंचरायची, गोष्टी सांगायची. हे तिच्या ओढणीचा काठ बोटांत धरून कापड कसलं आहे ते चाचपत बसायचे. अंगावर स्वल्प मांस धरलं. डॉक्टरांनी नळीचा विषय काढायचा बंद केला. मला बरं वाटत होतं, आणि पोटात जळतही होतं, खोटं कशाला बोलू? ती आली की ह्यांचा चेहरा फुलायचा. मी जवळ गेले की, "बाई, तुम्ही आता घरी जा, आमची अक्का आलीय." माझ्याच घरात मला घरी जा म्हणायचे. मी जायचे आपली स्वयंपाकघरात आणि भांडी जरा जोरात आपटायचे.

असे काही महिने गेले, आणि एक दिवस मुलगी आली ती फाटकातच घुटमळली. मी म्हटलं, काय गं, मार्क कमी पडले काय? ती म्हणाली, "आज्जी, मला कोऑर्डिनेटर केल्यात." सगळ्या पोरांमधून तिची निवड झाली होती. तिच्या ह्या घरातल्या कामामुळेच. मॅडमनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. आता सगळ्या तुकड्या तिच्या हाताखाली, तिनं बैठका घ्यायच्या, ट्रेनिंग घ्यायचं, मोठ्या लोकांपुढं इंग्रजीत प्रोजेक्ट मांडायचा. मी विचारलं, "आणि इथं?" ती बोटांशी चाळा करत म्हणाली, "कोऑर्डिनेटरनं स्वतः घरांत जायचं नसतंय. दुसऱ्यांस्नी पाठवायचं असतंय. त्यालाच लीडरशिप म्हणत्यात."

वा रे तुमची लीडरशिप! ज्याला माणसाजवळ बसता येतं त्याला आधी उठवायचं आणि टेबलामागं बसवायचं. मला इतका संताप आला होता की मॅडमना फोन करून चांगलं सुनवावंसं वाटलं. पण ती पोर माझ्याकडं बघत होती. वर्गात इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसणारी, मेसमध्ये एकटी जेवणारी मुलगी. मला हे सगळं तिनंच कधीतरी भांडी पुसता पुसता सांगितलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी पुढं ये म्हटलं होतं. ती म्हणाली, "आज्जी, नको म्हणून सांगू काय? तुम्ही म्हणाला तर सांगतो." तिनं ते मनापासून विचारलं होतं, म्हणून तर मला नको म्हणता येईना. मी म्हटलं, "वेडी आहेस काय? घे. आमचं काय, आम्ही बघू." आणि तिच्या हातावर साखर ठेवली.

तिनं तिच्या जागी माणसं पाठवली, नाही असं नाही. गिटारवाला आला. हसऱ्या चेहऱ्याचा, गुणी मुलगा, पण ह्यांनी दोन्ही कान झाकून घेतले. मग मराठी हवी म्हणून एक मुलगी पाठवली, मूळची पुण्याची, आईवडील सर्जापूर रोडच्या कुठल्याशा मोठ्या सोसायटीत राहतात. ती ह्यांच्यापुढं बसून गोड आवाजात म्हणाली, "आजोबा, कसे आहात तुम्ही? मी तुम्हाला भरवते हं." हे तिला हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता?" त्या पोरीचा काय दोष? ती बिचारी पुन्हा दोनदा येऊन गेली. हे दाराकडं बघत बसायचे. "अक्का आली नाही?" सकाळी विचारायचे, दुपारी विचारायचे. मी सांगायचे, येईल. ओठ पुन्हा मिटले. डॉक्टरांनी नळीचा विषय पुन्हा काढला.

मग मात्र मी मान खाली घालून फोन केला. म्हटलं, एकदा ये. ती दुसऱ्याच दिवशी धावत आली. अंगात काळा कोट, केस बांधलेले, गळ्यात ओळखपत्र. किती छान दिसत होती! मला खरंच अभिमान वाटला. ह्यांच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मी आले. बघ, मी आले ना."

ह्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "बाई, ह्या कोण?"

आम्हा दोघींना एकदमच कळलं. ती "आले" म्हणाली होती. तिच्याबरोबरच्या पुण्यामुंबईच्या मुली तिच्या "मी येतो"ला हसायच्या, अगदी प्रेमानं, थट्टेत, आणि लीडरनं हसं करून घ्यायचं नसतं, म्हणून तिनं सवय मोडली होती. मी तिच्या कानात म्हटलं, "आलो म्हण." ती म्हणाली, "आलो... मी आलो की रं." पण ते शब्द नाटकातल्यासारखे आले, आधी मनात जुळवून मग तोंडातून काढलेले. हे भिंतीकडं वळले. तिनं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, आणि मग तिचा बांध फुटला. मी तिला जवळ घेतलं. "माझी भाषा गेली आज्जी," एवढंच म्हणत राहिली. मी म्हटलं, "गेली नाही. घरी गेलीस की परत येईल. तू रडू नकोस, कोट भिजेल." कोऑर्डिनेटरपद सोडते म्हणाली. मी तिला ओरडले. सोडून आता काय होणार होतं? जे जायचं ते गेलं होतं. तिला रिक्षात बसवून दिलं.

परत आले तेव्हा भात तसाच होता. हे भिंतीला विचारत होते, "अक्का आली नाही?"

मी निवृत्त होईपर्यंत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं. माणसाचा चेहरा मी विसरेन, आवाज विसरत नाही. अक्काचा आवाज मला पक्का ठाऊक होता, नाकात स्वल्प अडकणारा, वाक्याच्या शेवटी उचलून धरणारा. नव्या नवरीच्या दिवसांत मी तिची नक्कल करून मैत्रिणींना हसवायचे. पण अक्काचा आवाज काढायचा हा उपाय मला इतके दिवस सुचला नव्हता असं नाही. मला तो नको होता. कधीतरी, एखाद्या सकाळी, हे मला ओळखतील, नावानं हाक मारतील, ही आशा होती. एकदा मी अक्का झाले की मग ह्यांना बायको आठवायला जागाच राहणार नव्हती. घरात बाई म्हणून तरी मी मी होते.

मी ह्यांच्या खुर्चीच्या मागं जाऊन उभी राहिले, ह्यांना दिसणार नाही अशी. आणि म्हटलं, "काय रं, जेवला न्हाईस अजून? मी आलो न्हवं."

ह्यांची पाठ सैल पडली. "किती उशीर गं," म्हणाले.

त्या दिवसापासून मी अक्का. आधी पाठीमागून, मग बाजूला बसून, मग अगदी समोरून. हे पुरतं जेवायचे. नळी आली नाही, हात बांधले गेले नाहीत. मॅडम एकदा पाहणीला आल्या तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं. माझ्या घराचा त्यांनी यशस्वी घर म्हणून उल्लेख केला म्हणे. मी त्यांना चहा दिला. बोलायचं तर कुठल्या आवाजात बोलणार? घरात दिवसभर मी दुसरीच कुणी होते, आणि रिकाम्या वेळी स्वतःशी बोलायला जावं तर तिथंही "मी करतो, मी जातो" यायला लागलं होतं.

हे गेले त्याच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. दुपार होती. मी दही-भात कालवून बसले होते. आज ह्यांचा चेहरा जरा वेगळा होता, लाजल्यासारखा. म्हणाले, "अक्का, आईनं माझ्यासाठी मुलगी बघितलीय."

माझा हात वाटीतच राहिला. "व्हय? कशी हाय?"

"मी बघितली लांबून. नोकरीवाली आहे. फटकळ आहे म्हणतात. चालते कशी भराभर." आणि मग मान खाली घालून, "मला फार आवडली गं. पण ती शिकलेली, मी कपडे शिवणारा. ती मला सोडून गेली तर?"

इतक्या वर्षांत हे मला कधी असं बोलले नव्हते. एक शब्द नाही. सण आला की एक साडी आणून पलंगावर ठेवायची, एवढंच ह्यांचं बोलणं. आणि आज बोलत होते ते अक्काशी. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, बघा ना, मीच ती, मी इथं बसलेय! पण सांगितलं असतं तर ह्यांनी मला "बाई" म्हटलं असतं, आणि ओठ मिटून घेतले असते.

मी म्हटलं, "न्हाई रं जायची ती. मी वळखतो तिला."

"नक्की?"

"नक्की. कुटं बी जायची न्हाई. तू आता जेव."

ह्यांनी तोंड उघडलं, आणि मी घास दिला.